उभ्याने केलेली नोकरी

साखळी दुकानातला विक्रेता हा मुख्यतः उभा राहणारा प्राणी आहे. उज्जैनमध्ये तो फ्रीगंज आणि नानाखेडा भागात आढळतो. कंपनीचा टी-शर्ट, गळ्यातले ओळखपत्र आणि ट्रेनिंगमध्ये शिकवलेले हसू या त्याच्या खुणा. टी-शर्टवर नाव कंपनीचे, पण पगार अनेकदा एजन्सीचा. त्यामुळे तक्रार केलीच तर मॅनेजर त्याला एजन्सीकडे आणि एजन्सी मॅनेजरकडे पाठवते. एवढीच काय ती त्याला बढती.

किमान वेतनाचा फेरविचार पाच वर्षांच्या आत करावा, असे जुना कायदा सांगत होता. मध्य प्रदेशाने २०१४ नंतर तो थेट २०२४ मध्ये केला. घाई केल्याचा आरोप सरकारवर कोणी करू शकणार नाही. १ एप्रिलपासून अकुशल कामगाराला महिना ११,८०० रुपये ठरले. उद्योजकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मे महिन्यात दिलेली स्थगिती डिसेंबरात उठली. मधल्या काळात डाळ-तेलावर नव्या किमतीचे स्टिकर चिकटवायचे काम याच कामगारांकडे होते, आणि त्या वाढीला स्थगिती नव्हती. ११,८०० मधून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि कर्मचारी राज्य विम्याचा पाऊण टक्का गेला की हाती साधारण १०,२९५ उरत.

उज्जैन ही कालगणनेची नगरी. जीवाजी वेधशाळेजवळच्या वैदिक घड्याळाचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. त्यात सूर्योदय ते सूर्योदय असे ३० मुहूर्त, म्हणजे एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा. ते नेमके ६० मुहूर्त झाले. दुकानातला एकसष्टावा मुहूर्त मात्र शटर अर्धे खाली ओढल्यावर लागतो. कपड्यांच्या घड्या, स्टॉक, गल्ल्याचा हिशेब असे विधी त्यात होतात. जादा कामाला दुप्पट दर द्यावा, असे कायदा म्हणतो. दुकान म्हणते, ‘एडजस्ट कर लो’, आणि कचोरी मागवते.

बसण्याचा इतिहास छोटा आहे. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय १९४८ च्या कायद्याच्या कलम ४४ ने दिली. दुकानात ग्राहक येतात, तिथे बसणे म्हणजे बेअदबी! कोळिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना त्यासाठी लढावे लागले; पी. विजी त्यांत पुढे होत्या. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या कामगार संहितांतही आसनव्यवस्था आहे, पण ‘नियमांत विहित केल्याप्रमाणे’. म्हणजे खुर्ची कायद्यात बसली आहे, विक्रेता अजून उभाच.

पगारकपातीबद्दल वेतन संहिता स्पष्ट आहे: नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकावे आणि एकूण कपात पगाराच्या निम्म्यापलीकडे जाऊ नये. काही दुकानांत मात्र शॉर्टेज निघाली की ती रक्कम सगळ्या फ्लोअरवर सारखी वाटून कापतात. नफ्याच्या बाबतीत हा सहकारी बाणा अद्याप कुठे आढळलेला नाही.