टपाचा प्रश्न

इंग्लंडातल्या कुठल्याही मराठी गोतावळ्यात एक गृहस्थ 'घेणारे' असतात. म्हणजे गाडी घेणारे. घेतलेली नसते, घेणार असतात. घर घेणारे लोक घर घेऊन मोकळे होतात आणि पुढची वीस वर्षं बॉयलर आणि गळक्या पन्हाळींबद्दल बोलतात. गाडी घेणाऱ्यांचं तसं होत नाही. दरवर्षी गणपतीत हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत ते भेटतात, आपण विचारतो, "काय भाऊ, घेतली का?" आणि ते द्रोण सावरत म्हणतात, "आता जवळजवळ ठरलंच आहे."

रेडिंगचे आमचे भाऊ हे या जातीचं अस्सल बियाणं. वय पन्नाशीच्या अलीकडे, मूळ गाव सांगली, नोकरी कॉम्प्युटरची, लेक युनिव्हर्सिटीत गेलेली. दारात पाच दारांची करडी गाडी उभी असते, तिला ते 'भाजीची गाडी' म्हणतात. खरी गाडी अजून यायची आहे. तिच्याबद्दल बाकी सगळं ठरलेलं आहे. ताकद मागच्या चाकांना हवी, गिअर हाताने टाकायचे हवेत, वजनाला हलकी हवी, आणि मागे बसून कुणी सूचना करू शकेल इतकी जागा तिच्यात नको. अडलंय ते फक्त टपावर. टप असलेली घ्यावी की बिनटपाची?

तुम्हा-आम्हाला हा दोन मिनिटांचा प्रश्न वाटतो, कारण आपण अज्ञानी आहोत. भाऊंच्या लॅपटॉपवर या प्रश्नाचा एक तक्ता आहे. तो उजवीकडे सरकवत गेलं की सरकतच जातो. एका बाजूला माझदाची एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. साठच्या दशकातल्या लोटस इलानसारखी इंग्रजी धाटणीची उघडी गाडी, पण रोज सकाळी सुरू होणारी आणि उभ्या जागी तेल न गाळणारी, असा जपान्यांचा बेत होता. तो इतका फळला की २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. हा आकडा सांगताना भाऊंचा आवाज भरून येतो. त्या दहा लाखांत आपली एकही नाही, हे त्यांना अशा वेळी आठवत नाही.

दुसऱ्या बाजूला टोयोटाची जीटी८६. २०१२ साली सुबारूबरोबर भागीदारीत काढलेली, टपवाली, बुटकी, दोन लिटरचं आडवं पसरलेलं इंजिन. त्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. हे सांगून झालं की भाऊ छत्तीस गुण जुळवून आलेल्या गुरुजींसारखे डोळे मिटून घेतात. मग टायरांचा विषय निघतो. कंपनीने या गाडीला मुद्दाम कमी पकड असलेले टायर दिले, प्रियससारख्या सालस गाडीला चालतात तसले, म्हणजे साध्या वेगातही मागची बाजू जरा घसरावी आणि चालवणाऱ्याला मजा यावी.

"घसरावी म्हणून?" वहिनींनी विचारलं.

"हो. मुद्दाम."

"आणि तुम्ही दर हिवाळ्यात मला सांगता, बर्फावरून जपून चाल."

वहिनींना गाडीतलं कळत नाही असा भाऊंचा समज आहे. खरं तर या प्रकरणात आजवर जे मुद्देसूद बोललं गेलं ते सगळं वहिनींनी बोललंय. एमएक्स-५ ची डिकी १३० लिटरची, हे भाऊंनी अभिमानाने सांगितलं तेव्हा त्या उठल्या, कपाटाखालून कणकेची दहा किलोची पिशवी ओढून आणली, तिच्याशेजारी तांदळाची ठेवली, आणि "आता माझी पर्स कुठे?" एवढंच विचारलं. भाऊंनी लगेच बाजू बदलली. जीटी८६ ची मागची सीट आडवी पाडली की चार सुटे टायर मावतात, रेसच्या मैदानावर न्यायला तशी सोयच केलेली आहे, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "कणीक तरी लागते हो आपल्याला. चार टायर कुठून आणायचे?"

या मंडळींचा खरा देव वजन. लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन या गृहस्थाचं सगळं शास्त्र असं की ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन उतरवलं तर सगळीकडेच पळते. भाऊंनी हे मनावर घेतलंय. कोणतीही गाडी समोर आली की पहिला प्रश्न, "भरते किती?" एमएक्स-५ हजार किलोच्या जरा वर, जीटी८६ साडेबाराशेच्या आसपास. युरोपातल्या नियमाप्रमाणे कागदावरच्या वजनात ७५ किलो चालवणाऱ्याचे आणि त्याच्या सामानाचे धरलेले असतात: ६८ किलो माणूस, ७ किलो बोचकं. ही माहिती मला भाऊंनीच दिली, आणि दिल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. नियमातल्या माणसाइतकं भरायचं तर भाऊंना बोचकं न घेताही बरंच काही खाली ठेवावं लागेल. त्या आठवड्यात त्यांनी जेवणातला भात सोडला. पुढच्या आठवड्यात कोजागिरी आली.

टपाचा आणि वजनाचा संबंध मात्र वाटतो त्याच्या उलटा आहे. टप काढला की गाडी हलकी व्हावी, असं आपल्याला वाटतं. पण गाडीचा सांगाडा ताठ ठेवण्याचं निम्मं काम टप करत असतो. तो कापून काढला की खड्ड्यातून जाताना अख्खी बॉडी थरथरते, आणि ती थरथर थांबवायला खालून पोलाद भरावं लागतं. म्हणून मूळ टपवाल्या गाडीची उघडी आवृत्ती बहुधा जड निघते. एमएक्स-५ यातून सुटली, कारण ती पहिल्या रेघेपासून बिनटपाची म्हणूनच आखली. हे कळायला भाऊंना पुष्कळ वाचन करावं लागलं. गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे भाऊंचे वडील, सांगलीहून आले होते. जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेलेला. त्यांनी लॅपटॉपवरचं चित्र पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "टप काढलास तर चेसिस जाड करावी लागंल. ॲव्हरेज किती देती?" तेवढ्यावर ते बाहेर उन्हात जाऊन बसले. भाऊंनी हाक मारून विचारलं, "अण्णा, पण तुम्ही कुठली घेतली असती?" बाहेरून उत्तर आलं, "आपल्याकडं बिनटपाचा फक्त ट्रॅक्टर असतोय. त्यावरबी छत्री लावत्यात."

अण्णांचं म्हणणं सांगलीपुरतं रास्त आहे. एप्रिलच्या दुपारी मिरज रस्त्यावर डोक्यावरचं छप्पर आपण होऊन कोण काढील? इंग्लंडात ऊन हा पाहुणा. तो आला की मिळेल तेवढा अंगावर घ्यायचा, म्हणून या लोकांनी उघड्या गाड्या केल्या. जानेवारीत कानटोपी घालून, पायाशी हीटर सोडून, टप उघडा टाकून हिंडणारे म्हातारे मी इथे पाहिले आहेत. राहता राहिला पाऊस. त्यावर भाऊंचा आवडता आकडा आहे: लंडनला वर्षाला पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आसपास, पुण्याला त्याहून जास्त. आकडा बरोबर आहे. फक्त पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आपलं काम उरकून जातो, लंडनचा बारा महिने पुरवून पुरवून पडतो, ते या आकड्यात दिसत नाही.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण सांगतो. बिनटपाचीच घ्यावी. टपवाल्या गाडीत मजा यायला वेग लागतो, आणि भाऊ सत्तर मैलांच्या वर कधी गेलेले नाहीत, जाणारही नाहीत. उघड्या गाडीत ताशी चाळीस मैलांवरही माणसाला आपण काहीतरी पराक्रम करतोय असं वाटतं. कापलेल्या गवताचा वास येतो, शेणखताचाही येतो. हे मी एकदा बोललो. भाऊंनी तक्त्यात 'वास' नावाचा नवा रकाना उघडला.

मग मध्येच तिसरंच खूळ निघालं: जुनी लोटस एलिस. १९९६ ची गाडी, वजन सव्वासातशे किलोच्या घरात, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चक्क गोंदाने चिकटवून केलेला सांगाडा, आणि नाव कंपनीच्या तेव्हाच्या मालकाच्या नातीचं. भाऊ हळवे झाले. एका खेड्यातल्या सेकंडहँड गाड्यावाल्याकडे आम्ही ती बघायला गेलो. सगळा ताण टपाऐवजी दारांखालच्या दोन जाड पट्ट्यांवर दिलेला असल्यामुळे एलिसचा उंबरठा चांगला वीतभर रुंद आणि गुडघ्याला लागेल असा उंच आहे. त्यातून कापडी टप चढवलेला. आत जायची रीत अशी की आधी पाठमोरं होऊन बूड सोडायचं, मग डोकं घालायचं, शेवटी एकेक पाय उचलून आत घ्यायचा, गरज पडल्यास हाताने. भाऊ गेले. स्टिअरिंग धरून बसले. गिअरचा दांडा चाचपला. सुख दिसत होतं चेहऱ्यावर. प्रश्न उतरताना आला. डावा पाय स्टिअरिंगखाली, उजवा उंबरठ्यावर, डोकं कापडात, आणि "थांबा, थांबा, कमर" असा आतून आवाज. मी खांदा ओढला, त्यांनी तो परत मागितला. शेवटी गाड्यावाला शांतपणे आला, त्याने कापड गुंडाळलं, दांड्या उपसल्या, आणि भाऊ आकाशाच्या दिशेने बाहेर निघाले. बिनटपाच्या बाजूने मला माहीत असलेला हा सर्वांत भक्कम पुरावा. भाऊंनी त्याची नोंद 'कापड वेळखाऊ' अशी केली.

दिरंगाईबद्दल कुणी टोकलं की भाऊ इतिहास काढतात. रेडिंगपासून जवळच ॲबिंग्डनला एमजी कंपनीचा कारखाना होता, १९८० साली तो बंद पडला. तिथे १९६२ मध्ये एमजीबी ही उघडी गाडी निघाली, आणि १९६५ मध्ये तिचीच टपवाली जीटी. "म्हणजे बघा," भाऊ म्हणतात, "अख्ख्या कारखान्याला टपाचा विचार करायला तीन वर्षं लागली. मी तर एकटा."

घाई मात्र एकदा झाली होती, ती इतरांना. जीटी८६ ची पुढची पिढी, जीआर८६, २०२२ मध्ये विक्रीला आली आणि ब्रिटनच्या वाट्याच्या गाड्यांचा पहिला घास नव्वद मिनिटांत संपला. त्या नव्वद मिनिटांत भाऊ चाकांच्या मापाच्या रकान्यात होते. चहा झाला, रकाना झाला, आणि गाडी संपली. पुढे युरोपातल्या सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे तिची इथली विक्रीच थांबली. कुणाला वाटेल, भाऊ हळहळले असतील. उलट ते उजळले. आता फक्त सेकंडहँडच घ्यायची, म्हणजे प्रत्येक गाडी वेगळी, तिचे मालक वेगळे, रंग वेगळा, ओरखडे वेगळे. तक्ता खालच्या बाजूलाही वाढू लागला.

माझदाची आरएफ नावाची एक गाडी मिळते. तिचा टप कडक पत्र्याचा असतो आणि बटण दाबलं की तेरा सेकंदांत आपोआप मागे जातो. टप हवा तेव्हा आहे, नको तेव्हा नाही. भाऊंचा प्रश्न मिटवायलाच कुणीतरी ही गाडी काढली असावी. मी मोठ्या आशेने विषय काढला. भाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "चाळीसेक किलो जड," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मग निवडायचं काय?"

अखेर गाडी आली, पण ती भाऊंच्या दारात नाही. त्यांच्याच ऑफिसात नाशिकचा एक पोरगा नवा लागला. त्याने भाऊंना सल्ला विचारला, तीन तास तक्ता पाहिला, आणि पुढच्या शनिवारी जाऊन लाल एमएक्स-५ घेऊन आला, साधी, कापडी हूडवाली. "घाई केली पोराने," भाऊ म्हणाले, "मागच्या पन्हाळ्यांत पानं अडकतात त्याच्या. पाणी तुंबतं. बघितलं असेल का त्याने?" बघितलं होतं. पन्हाळ्या स्वच्छ होत्या.

रविवारी तो गाडी दाखवायला आला. लख्ख ऊन पडलेलं, हूड मागे टाकलेला. "बसा ना काका," म्हणाला. वहिनी दारात उभ्या, हातात नारळ, कारण गाडी कुणाचीही असो, नवी आहे. भाऊ बसले, आणि इथे उतरायचीही अडचण नाही हे त्यांनी एकदा उतरून पाहिलं, पुन्हा बसले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळून आली. त्यांचे केस पार विस्कटले होते आणि ते हसत होते. पोरगा म्हणाला, "कशी वाटली काका?"

भाऊंनी वर पाहिलं, चष्मा पुसला. "एक काम कर," ते म्हणाले, "जरा टप लाव. बंद असताना कसं वाटतं, त्याचाही अंदाज घेऊ."

पोराने बसल्या जागेवरून हात मागे नेला, हूड पुढे ओढला, खिट्टी लावली आणि गाडी पुन्हा टोकापर्यंत नेली.

वहिनींनी नारळ पायरीवर ठेवला. "चहा टाकते," मला म्हणाल्या, "हे आता त्याला परत काढायला लावतील."