मोहास कारणे दाखवा नोटीस

खाणपट्टेदारांनी उत्खनन संपताच भूमी पुनश्च गवत, चारा व वनस्पती वाढतील अशी करून द्यावी, ही अट पट्ट्यांत घालण्याचे फर्मान सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी काढल्यापासून, 2013 पर्यंत बडोदे जिल्ह्यात मोडणाऱ्या छोटा उदेपूरच्या डोलोमाइटच्या टेकड्यांना आपल्या हिरव्या भवितव्याविषयी तिळमात्र शंका उरण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की मोह, पळस, खैर, टेंभुर्णी ही तेथील जुनी वतनदार मंडळी, वरची सुपीक माती आधी निराळी राखून मग पसरल्याखेरीज सहजी मूळ धरीत नाहीत, आणि धरलेच तर तपासनिसाच्या भेटीची तारीख न विचारता आपल्या सवडीने वाढतात. उलट विलायती बाभूळ किती आज्ञाधारक! निकृष्ट मुरमातही ती छायाचित्रापुरती तत्परतेने हिरवी होते. न्यायालयाने चारा मागितला होता खरा, परंतु गुरे तिच्या पाल्यास तोंड लावीत नाहीत, ही कुंपणाच्या खर्चात बचतच समजावी. सबब सरकारचरणी नम्र विनंती, की अहवालाच्या मुदतीत फुलण्यास कसूर केल्याबद्दल मोहाचे वतन खालसा करावे, आणि ‘स्थानिक प्रजाती’ या सदराखाली बाभळीचे नाव रीतसर दाखल करून घ्यावे.