प्रभारी साहेबांचा ट्रॅकसूट

“काकू, आहात का घरात? जरा कुंपणापाशी या. बातमी ताजी आहे, शिळी व्हायच्या आत सांगते.”

“थांब, पिठाचे हात धुते. हं, आता बोल. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं?”

“तसलं काही नाही हो. विद्यापीठातलं आहे. क्रीडा विभागाला पुन्हा नवे साहेब. काल संध्याकाळी आदेश निघाला, आमच्या ह्यांनी जेवताना सांगितलं.”

“पुन्हा? मागचे ग्रंथालयाचे होते ना?”

“हो, आणि त्यांच्या आधीचे परीक्षा विभागाचे. आता वनस्पतिशास्त्राचे सर. जुने संचालक निवृत्त झाले तेव्हापासून खुर्ची तीच, पाटी तीच, पाटीवर ‘प्रभारी’ तेवढं कायम. खालचं नाव बदलतं.”

“नवे साहेब खेळाडू वगैरे आहेत का?”

“कॉलेजात कॅरम खेळायचे म्हणे. पण माणूस वाईट नाही हं. आज सकाळी सहाला मैदानावर हजर. पाठीवर विद्यापीठाचं नाव छापलेला कोरा करकरीत ट्रॅकसूट घालून!”

“बघ! आणि तुझ्या पुतणीला? ती तर विद्यापीठाकडून कबड्डी खेळते.”

“तिला कुठला? तीच तर गंमत आहे. गेल्या वर्षी पोरी स्पर्धा खेळून परत आल्या आणि मग ट्रॅकसूट आले. तोवर निम्म्या पोरींची परीक्षा झाली, निकाल लागला, दोघींची तर लग्नंसुद्धा झाली. गठ्ठे तसेच पडलेत. त्यातला एक साहेबांना मापात बसला.”

“देवा! अगं, पण पैसेच नाहीत म्हणतात ना? मग ट्रॅकसूट आले कुठून?”

“तेच तर मी ह्यांना विचारलं. हे वित्त विभागात, ह्यांच्या टेबलावरूनच फाइल जाते. हे म्हणाले, पैसे कमी आहेत, पण अजिबात नाहीत असं नाही. आता बघा, प्रवेश घेताना प्रत्येक पोराकडून क्रीडा शुल्क घेतात. थोडं कॉलेज ठेवतं, थोडं विद्यापीठाला पाठवायचं असतं. म्हणजे जितकी पोरं तितका पैसा. पुणे विद्यापीठाचं काय, तीन जिल्हे पदरात. पुणे, नाशिक, नगर. सोलापूरचं २००४ साली झालं ते एका जिल्ह्यापुरतं. गडचिरोलीचं गोंडवाना २०११ चं, दोन जिल्ह्यांचं. आपलंही तसंच, चिमुकलं.”

“चिमुकलं असलं तर खर्चही चिमुकला असेल की.”

“इथंच तर गणित फसतं! कबड्डीला बारा पोरी, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक. मुंबई विद्यापीठाचा संघ निघाला काय, आपला निघाला काय, रेल्वे तिकिटाचे पैसे तेवढेच घेते. पश्चिम विभागाच्या स्पर्धा कधी राजस्थानात, कधी गुजरातेत. तिथं पहिल्या चारांत आलात तर पुढे अखिल भारतीय. म्हणजे पोरी जिंकल्या की खर्च वाढला. हे सांगत होते, एका साहेबांनी तर संघ उपांत्य फेरीत गेल्याचा फोन आला तेव्हा आधी कपाळाला हात लावला होता.”

“अरे देवा. म्हणजे हरलात तर बरं!”

“तसं तोंडाने कोण म्हणणार? शिवाय कॉलेजं आपला वाटा वेळेवर भरत नाहीत. त्यांचंही खरं असतं म्हणा. निम्म्याहून जास्त पोरं शिष्यवृत्तीवाली. त्यांच्या फीची रक्कम सरकारकडून यायची, ती महाडीबीटी पोर्टलच्या रांगेत अडकते. कॉलेज म्हणतं, आम्हालाच मिळाली नाही तर तुम्हाला काय देऊ? विद्यापीठ म्हणतं, तुम्ही दिले नाहीत तर संघाला काय देऊ? आणि संघ म्हणतो…”

“संघाला कोण विचारतंय!”

“बरोबर बोललात. पण काकू, खरी मेख तिथं नाहीच. मेख आहे अग्रिमात.”

“म्हणजे गं?”

“स्पर्धेला जाताना खर्चासाठी उचल देतात ना, तिला अग्रिम म्हणतात. ती व्यवस्थापक म्हणून जाणाऱ्या सरांच्या नावावर निघते. परत आल्यावर तिकिटं, जेवणाची बिलं, सगळं जोडून हिशेब द्यायचा. आता एखाद्या धाब्यावर चौदा माणसं जेवली, तर पक्कं बिल कुठून आणायचं? हिशेब अडकला की पुढची उचल बंद. एक सर तर खिशातले पैसे घालून बसलेत, दोन वर्षं झाली. आता व्यवस्थापक म्हणून जायचं म्हटलं की सगळ्यांच्या पाठी दुखायला लागतात.”

“मग साहेबांनी बसून मिटवावं ना. काय लागतं त्याला?”

“सही लागते, काकू! आणि प्रभारी माणूस जुन्या हिशेबावर सही करत नाही. ‘माझ्या काळातलं नाही’ म्हणतो. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली त्याच्या पगारातून व्हायची. नव्या खरेदीवरही करत नाही, कारण आपण किती दिवस आहोत त्याचा भरवसा नाही. मग फाइल फिरते. खरेदी समिती, तीन कोटेशनं, शेरा, त्यावर प्रतिशेरा. अंदाजपत्रक सिनेटमध्ये मार्चला मंजूर होतं, स्पर्धा असतात दिवाळीनंतर, मधले सात-आठ महिने पैसा कागदावर बसून असतो. शेवटी मार्च आला की धावपळ. निधी परत जाऊ नये म्हणून जे मिळेल ते घ्या. असे आले ते ट्रॅकसूट.”

“खरं सांगू का, मला त्या बिचाऱ्या सरांचाही राग येत नाही. शेजारी गावाला जाताना आपल्याकडे किल्ली देऊन जातात ना, तसं झालंय त्यांचं. आपण तुळशीला पाणी घालू, पेपर उचलून ठेवू. गळका नळ मात्र बदलत नाही. परक्याचं घर, उद्या कुणी बोललं तर?”

“अगदी! त्यात त्यांचे तास, प्रात्यक्षिकं, पेपर तपासणी काही कमी झालेलं नाही. हे वरचं ओझं.”

“पण कायमचा माणूस का नेमत नाहीत? पात्र माणसं नाहीत का?”

“आमच्या धाकट्या दीरांनाच विचारा. एम.पी.एड. आहेत, नेट झालेत, आणि तासिका तत्त्वावर एका कॉलेजात राबतात. २०१८ साली सरकारने कॉलेजांमधली ४७३८ पदं भरायला परवानगी दिली होती ना, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायची तयारी झाली होती. बघतो तर त्यात शारीरिक शिक्षण संचालकांची पदं १३९. अख्ख्या राज्याला! एका जागेला केवढाले अर्ज. पेढे राहिले.”

“म्हणजे खाली कॉलेजातही तीच गत.”

“तीच. कितीतरी कॉलेजांत मराठीचे नाहीतर भूगोलाचे सर गळ्यात शिट्टी अडकवून उभे. निवड चाचणीला पोरं कोण पाठवणार, कोणती पोरगी चांगली चढाई करते हे कोण हेरणार? वर प्रभारी, खाली प्रभारी. पुतणी म्हणते, आमच्या संघात एकच कायम आहे, डाव्या कोपऱ्यातली दुखापत!”

“तिखट आहे हो पोरगी.”

“तिखट म्हणून टिकली. तिच्या जोडीची गेली ना, पंजाबातल्या एका खासगी विद्यापीठात. फी माफ, वसतिगृह, खुराक, वर फिजिओ. तिनं जाऊ नये असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आता ती माका ट्रॉफी, खेळात सगळ्यांत पुढे असणाऱ्या विद्यापीठाला देतात ती. १९५६-५७ पासून आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने ती किती वेळा नेली असेल! पण २०२४ ची बघा, पहिलं चंदीगड विद्यापीठ, दुसरं लव्हली, दोन्ही खासगी. अमृतसरवाले तिसरे. खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा २०२० ला भुवनेश्वरला सुरू झाल्या, तेव्हापासून तर खेळाडू पळवापळवी उघड चालते. आपली पोरं घडवायची आपण, पदकं दुसऱ्यांच्या नावावर.”

“अगं, हे दुखणं आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. माझा मुलगा पिट्सबर्गला आहे ना, त्याच्यापासून दीड-दोन तासांवर लोरेटो म्हणून गाव आहे. तिथे सेंट फ्रान्सिस नावाचं छोटं विद्यापीठ. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचा बास्केटबॉलचा संघ देशाच्या मोठ्या स्पर्धेत पोचला. १८ तारखेला सामना, दोन गुणांनी हरले. आणि २५ तारखेला विश्वस्तांनी जाहीर केलं, आम्ही पहिल्या श्रेणीतून उतरून तिसऱ्या श्रेणीत जाणार.”

“आँ? आठवड्यात?”

“आठवड्यात. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्तीच देता येत नाही. म्हणजे खर्च आटोक्यात. तिकडे आता मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, २०२५-२६ च्या वर्षाला मर्यादा होती दोन कोटी पाच लाख डॉलर. छोट्यांनी त्या शर्यतीत पळायचं तरी कशाच्या जिवावर? त्यांचे प्रशिक्षकही तेव्हाच निवृत्त झाले. मुलगा सांगत होता, गावात लोक हळहळले, चिडलेही.”

“म्हणजे तिकडेही रडगाणं तेच.”

“रडगाणं तेच, पण एक फरक मला दिसतो. निर्णय चूक की बरोबर, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण तिथे मंडळ बसलं, ठराव झाला, कधीपासून ते सांगितलं. पोरांना कळलं, आपण कुठे उभे आहोत, राहायचं की दुसरीकडे जायचं. तुझ्या पुतणीला कोणी ‘नाही’ म्हणालंय का?”

“छे! ‘नाही’ कोणीच म्हणत नाही. ‘होय’ही म्हणत नाही. ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणतात.”

“आणि पोरीचं वय? त्याची प्रक्रिया थांबते का? पंचविशी ओलांडली की आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार बंद. साहेब बदलत राहतील गं, तिला ही दोन-तीन वर्षंच आहेत.”

“तेच म्हणते मी. आणि भाषणं ऐका तुम्ही यांची! १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिनाला, खाशाबा जाधवांच्या फोटोला हार घातला, तासभर प्रेरणा, जिद्द, मातीतला माणूस. त्याच दिवशी पुतणीच्या संघाला सरावासाठी मॅट मिळाली नाही, कारण हॉलमध्ये क्रीडा दिनाचा कार्यक्रम होता.”

“खाशाबांचं नाव काढलंस म्हणून सांगते. माझं माहेर कोल्हापूरचं. ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर पैसे नाहीत. त्या कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! मग आलं ते कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडले. आपण हार खाशाबांना घालतो, ते योग्यच आहे. पण साहेब लोकांच्या कार्यक्रमात फोटो खर्डेकरांचा लावायला हवा.”

“काकू, आता कोणी घर गहाण टाकलं ना, तर आधी नोटीस येईल, पूर्वपरवानगी घेतली होती का म्हणून!”

“येईल खरी. आणि माझं म्हणणं घर गहाण टाका असं मुळीच नाही. एखाद्याच्या घरावर विद्यापीठ चालवायचं म्हणजे तीही लाजच. माझं म्हणणं एवढंच, त्या माणसाला वाटलं की हा मुलगा माझा आहे, हे काम माझं आहे. ‘माझ्या काळातलं नाही’ म्हणाला नाही तो. आपल्याकडे जे काही थोडं आहे ना, ते वेळेवर वापरायला असा एक माणूस लागतो, आणि त्याला निदान पाच वर्षं ती खुर्ची हलणार नाही याची खात्री लागते. ती नसेल तर उद्या शुल्क दुप्पट करा, गठ्ठे दुप्पट होतील, बाकी काही नाही.”

“मग आता करायचं काय? वनस्पतिशास्त्राच्या सरांना भेटू?”

“त्यांना भेट जरूर. जुने हिशेब एका बैठकीत मिटवा, बुटांची मापं आत्ता घ्या आणि स्पर्धेच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी तिकिटं काढा, एवढंच मागायचं. हे प्रभारीलाही जमतं. पण पद भरणं त्यांच्या हातात नाही. तो प्रश्न सिनेटमध्ये विचारायला हवा. ‘क्रीडा विभागाला किती दिले’ असं कोणी विचारू नये, त्याला आकडा फेकून उत्तर देतात. विचारायचं असं, संचालकाची जाहिरात कधी काढणार आणि तोवर सहीची जबाबदारी नावानिशी कोणाची?”

“आपण थोडेच सिनेटवर आहोत!”

“आपण नाही, पण कोपऱ्यावरच्या बंगल्यातले आहेत ना निवडून आलेले. त्यांच्या सौ. रोज साडेदहाला भाजीच्या गाडीवर येतात. आज तू जा, मेथी निवडता निवडता सगळं सांग. तारखा, अग्रिम, सगळं. ते पुढच्या बैठकीत उभे राहतील.”

“पण काकू, ह्यांच्या नोकरीचं काही…”

“तुझ्या ह्यांचं नाव कशाला घेतेस? म्हणावं, काकूंकडून कळलं. माझी पेन्शन कोण अडवतंय! आणि हे बघ, सांगून झालं की शेवटी ‘कोणाला सांगू नका हं’ एवढं आठवणीने म्हण. त्याशिवाय बातमी संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरात पोचायची नाही.”