संस्थेनं विधानसभेत कशाला जायचं?

"अगं, तुमच्या अध्यक्षसाहेबांनी म्हणे परवाच्या मीटिंगमध्ये चहासुद्धा घेतला नाही!"

नेरुळच्या आमच्या रो-हाउसमधली भिंत कमरेएवढी. पलीकडच्या काकू मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. बातमी त्यांना माझ्याआधी कळते, कारण दोन्ही घरांत कामाला येणाऱ्या मावशी एकच.

"नाही घेतला, काकू. मी विषयच तसा काढला ना! म्हटलं, आपण घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतो. तर कर्मचाऱ्यांना आणि आपल्या विश्वस्त मंडळालाही जरा कायद्याच्या पाठपुराव्याचं शिक्षण देऊ. विधेयक कसं येतं, आमदाराला काय कागद द्यायचा, समितीपुढे कसं मांडायचं. साहेब एकदम ताठ झाले. 'आपली संस्था सेवाभावी आहे, राजकारण आपल्याकडे नको.'"

"आणि चहा गार झाला. म्हणजे मोलकरणीच्या पोराला दूध दिलं तर सेवा, आणि तिच्यासाठी पेन्शन मागितली तर राजकारण?"

"तेच ना. 2008 साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो काय सरकारला स्वप्नात दिसला होता? मोलकरणींच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली, तेव्हा कुठे झाला."

"लांब कशाला जातेस, तुर्भ्याच्या मार्केटात जा म्हणावं. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पूर्वी ना मालक माहीत, ना हजेरी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची युनियन बांधली आणि 1969 चा माथाडी कायदा आला. मजुरी माथाडी मंडळात जमा व्हायला लागली, प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरं आहेत ना, त्यांच्या पाठीशी तो कायदा आहे. मोर्चा निघाला म्हणून झालं, पण नुसता मोर्चा निघाला असता तर झालं नसतं. कायद्याचा मसुदा कळणारी माणसंही लागली."

"साहेबांची खरी भीती वेगळी आहे. कुणीतरी सांगितलंय, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांची परवानगी, जाईल."

"तुम्हाला परदेशातून पैसा येतो?"

"एक दमडी नाही."

"मग जाणार काय? आणि येत असला तरी कागद वाचावा आधी. राजकीय स्वरूपाच्या संघटनेला परदेशी देणगी घेता येत नाही, हे खरं. पण 2020 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'इन्साफ' संस्थेच्या याचिकेवर सांगितलंय की, पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेनं लोकांच्या प्रश्नासाठी बंद-हरताळाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून ती राजकीय ठरत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात कायदा कडक झाला, तेही सांग. परदेशी पैशातला प्रशासकीय खर्च पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणला. दोन्ही गोष्टी माहीत असल्या की माणूस घाबरायच्या ठिकाणीच घाबरतो."

काकूंनी भिंतीवर शेवग्याच्या शेंगा ठेवल्या. म्हणजे आता बैठक लांबणार.

"माझी तक्रार तुमच्या साहेबांपेक्षा तुमच्यासारख्या उत्साही मंडळींबद्दल जास्त आहे. अधिवेशन लागलं की आमच्या टेबलावर एलएक्यूचा, म्हणजे आमदारांच्या प्रश्नांचा, ढीग. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न झेलावे लागतात, म्हणून सगळं खातं कामाला लागतं. लक्षवेधी सूचना लागली तर जेवणाची शुद्ध नाही. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाले की ते आश्वासन झालं, आणि आश्वासन समिती त्याच्या मागे लागते. एवढी हत्यारं आहेत! आणि संस्थावाले कधी यायचे? अधिवेशन संपल्यावर. हातात गुच्छ, सोबत फोटोवाला आणि एका निवेदनात सतरा मागण्या. त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच खात्याच्या."

"मग एकच मागणी न्यायची?"

"एक. आणि ती कुणाच्या टेबलावरची आहे ते आधी ठरवायचं. आपल्या मावशींचंच घे. घरेलू कामगारांची नोंदणी अठरा ते साठ वयाचीच. साठ उलटली की मंडळ ओळख दाखवत नाही. ही अट कायद्यात लिहिली आहे, म्हणून ती बदलायला दुरुस्ती लागेल, म्हणजे विधिमंडळ. नोंदणीला चकरा मारायला लागतात, ते कामगार खात्याचं काम. तुमच्या पाळणाघराला जागा हवी, ते महापालिकेचं किंवा सिडकोचं. तिन्ही मागण्या एकाच कागदावर घातल्यात की तिन्ही टेबलं म्हणणार, हे आमचं नाही."

"आपल्या तळ्याचं टेबल मात्र बरोबर सापडलं ना?"

"डीपीएस तलावाचं? बरोब्बर. 2024 मध्ये फ्लेमिंगो मेले तेव्हा सगळे हळहळले. पण ज्यांना कळत होतं त्यांनी नवा कायदा मागितला नाही. वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद 2002 च्या दुरुस्तीपासून आहेच. पत्रं, निदर्शनं, बातम्या सगळं त्या दिशेनं लावून धरलं, आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं मान्यता दिली. टेबल बरोबर निवडलं की असं होतं."

"नेहमी नाही होत, काकू. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकाचं बघा. 2024 मध्ये आलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. समितीनं काही बदल केले आणि जुलै 2025 मध्ये मंजूर झालं. विरोध करणारे नाराजच राहिले."

"राहणारच. सूचना पाठवली म्हणजे मान्य झाली असं कुणी शिकवत असेल तर त्या प्रशिक्षणाचे पैसे परत मागा. नरेंद्र दाभोलकरांचं आठव. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी माणूस नव्वदच्या दशकापासून झटत होता. किती मसुदे, किती अधिवेशनं! 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, मग चार दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा. पण मसुदा वर्षानुवर्षं घासून तयार होता, म्हणून तो चार दिवसांत निघू शकला. नुसत्या संतापातून कलमं लिहिली जात नाहीत."

"पण साहेब म्हणतात, फार तर कर्मचारी जाऊन शिकू देत, विश्वस्तांना कशाला?"

"कारण ठरावावर सही विश्वस्तांची! शिकलेली पोरगी विधेयक घेऊन येणार आणि तुम्ही म्हणणार, 'बघू पुढच्या बैठकीत'. तोवर हरकतींची मुदत संपलेली. दुसरं म्हणजे आमदार पगारी कर्मचाऱ्याचं ऐकून घेतात, पण मतदाराचं लक्षात ठेवतात. साहेब ऐरोली मतदारसंघात राहतात, तू बेलापूरच्या. दोन आमदारांचे दरवाजे तुमच्या मंडळातच आहेत. आणि तुमचे खजिनदार सीए ना? त्यांना राज्याच्या अर्थसंकल्पात घरेलू कामगार मंडळाला किती तरतूद आणि खर्च किती, एवढं काढायला सांग. मुंबईतली 'समर्थन' संस्था अर्थसंकल्पाचा असाच पाठलाग करते. त्या आकड्यांपुढे भाषण फिकं पडतं."

"शिकवणारे मिळतील ना?"

"न मिळायला काय झालं? पुण्यात 1992 पासून नॅशनल सेंटर फॉर अॅडव्होकसी स्टडीज याच कामासाठी उभं राहिलं. उत्तनला म्हाळगी प्रबोधिनी आहे. आपल्या खारघरला 'युवा' संस्थेचं केंद्र आहे. विचारसरणी वेगवेगळ्या, पण विधिमंडळाचे नियम सगळ्यांना सारखेच. साहेबांना जिथं बरं वाटेल तिथं पाठव. फक्त एक रेघ पक्की मार. निवडणुकीत संस्थेची गाडी, संस्थेचा पैसा, संस्थेचं नाव कुठल्याही झेंड्याखाली जाता कामा नये. सगळ्या पक्षांच्या आमदारांना तोच एक कागद."

मी मान डोलावली. पलीकडून मावशींनी भांडी घासता घासता विचारलं, "ताई, ते साठ वर्षांचं कधी बदलणार?" काकूंनी सरकारी उत्तर दिलं, "कार्यवाही सुरू आहे." आम्ही तिघीही हसलो. मावशींना पुढच्या वर्षी साठ पूर्ण होतील.

तेव्हा वाचकहो, तुम्ही कुठल्याही लहानमोठ्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन ओळी घाला: आपली एकच मागणी कोणती, ती कोणत्या टेबलावरची आणि तिच्यासाठी कोण शिकून येणार. ठराव मात्र अधिवेशनाच्या आधी करा. अधिवेशन संपल्यावर फक्त गुच्छ नेता येतो.