शॅल, पण जमेल तसं

बोर्डाच्या इंग्रजी पेपरातला नेहमीचा प्रश्न: वाक्यातलं मोडल ऑक्झिलरी ओळखा आणि ते काय काम करतं ते लिहा. 'मस्ट' दिसलं की सक्ती, 'शुड' म्हणजे सल्ला, 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे परवानगी किंवा शक्यता. पोरं क्लासमध्ये घोकतात आणि मार्क पदरात पाडून घेतात.

अडतं ते 'शॅल'पाशी. जुने मास्तर सांगायचे, 'आय' आणि 'वी'पुढे 'शॅल', बाकीच्यांपुढे 'विल'. निर्धार दाखवायचा तर उलट. हा नियम आता खुद्द इंग्रजसुद्धा फारसा पाळत नाहीत. 'शॅल' टिकून आहे ते वकिलांकडे आणि सरकारकडे. तेव्हा बोर्डाला नम्र सूचना: हा धडा थेट राज्यघटनेतूनच शिकवा. उदाहरणांना तोटा नाही.

मूळ कलम ४५ घ्या. घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य 'शॅल एंडेव्हर'. शिक्षण द्यायलाच हवं असं कुठे म्हटलंय? प्रयत्न करायला हवा, एवढंच. लग्नाचं आमंत्रण घेताना आपण 'बघतो, जमवतो' म्हणतो, त्याच जातीचं हे बंधन. बरं, प्रयत्न झाला नाही म्हणून कोर्टात जावं, तर मार्गदर्शक तत्त्वं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असं कलम ३७ने आधीच बजावून ठेवलेलं. तिथलं 'शॅल नॉट' मात्र खणखणीत. त्याच्या शेजारी 'एंडेव्हर' ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

मुदत संपली १९६० साली. महाराष्ट्र राज्य झालं ते त्याच वर्षी, म्हणजे आपण जन्मलो तेच थकबाकी डोक्यावर घेऊन.

पुढे २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१अ आलं. आता राज्य सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण 'शॅल प्रोव्हाइड'. टाळ्या वाजवायला हात उचलावेत तर वाक्याच्या शेपटाशी 'मे' बसलेलं: राज्य कायद्याने ठरवील त्या रीतीने. तो कायदा झाला २००९मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. तारखेवर मी काही बोलत नाही. मूळ मुदतीला तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

आणि जुन्या 'शॅल एंडेव्हर'चं काय झालं म्हणता? सरकारी माल वाया जात नाही. त्याच दुरुस्तीत ते सहा वर्षांखालच्या मुलांकडे बदली होऊन गेलं. बालवाडीचा प्रयत्न अजून चालू आहे. शिवाय सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे आई-बापांचं मूलभूत कर्तव्य म्हणून त्याच झटक्यात घटनेत लिहिलं गेलं. पन्नास वर्षं उशीर झाल्यावर जबाबदारीत वाटेकरी शोधणं शहाणपणाचंच.

एवढं वाचून 'शॅल'चं काम काय ते एखाद्या पोराने पेपरात खरंखरं लिहिलं, तर मार्क द्यायचे कसे? मॉडेल उत्तरात सक्ती, सल्ला, परवानगी आहे. टाळाटाळीचा रकानाच नाही. त्याला मात्र ती सवलत नाही. पेपराच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'ऑल क्वेश्चन्स आर कम्पल्सरी'. तिथे एकही मोडल नसतं.