खर्जाचा खर्च

बँडमध्ये सूर उतरवायचा निर्णय बासवाल्याचा कधीच नसतो. गायकाला वरची पट्टी झेपेनाशी होते किंवा गिटारवाल्याच्या डोक्यात मेटल शिरतं, आणि सर्वानुमते ठरतं की आता सगळं खाली घ्यायचं. गिटारवाला सहा खुंट्या पिळतो, एकदोनदा झंकार काढून बघतो आणि चहाला निघून जातो. (नियमाने त्याच्याही वाद्याचं सगळं तपासायला हवं, पण गिटारवाल्याला नियम सांगायला कोण जाणार?) बासवाला मात्र अ‍ॅलन की नावाची षटकोनी चावी शोधायला लागतो.

मुळात बास हे वाद्य चार ठरावीक सुरांवर बेतलेलं. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला तेव्हा तारेची लांबी ठेवली ३४ इंच, आणि सूर ई, ए, डी, जी. त्यातला खालचा ई सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. तिथे ०.१०५ इंच जाडीची तार लावली की तिच्यावर अठरा किलोंच्या आसपास ताण येतो. चारही तारा धरल्या तर पाऊणशे किलोंच्या घरात. एवढा भार मेपलचा गळा रात्रंदिवस सोसतो, आणि त्याच्या पोटातली ट्रस रॉड नावाची पोलादी सळई उलट बाजूने जोर लावून त्याला ताठ ठेवते. दोघांचं भांडण कारखान्यात बरोबरीत सुटलेलं असतं. सूर उतरवणं म्हणजे ते पुन्हा उकरून काढणं.

ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे हिशेब भलताच कडक आहे. नुसता एक स्वर खाली, म्हणजे ई वरून डी वर आलं, तरी वीस टक्के ताण गेला. त्याच तारेला थेट बी वर आणलं तर अठरा किलोंचे दहा उरतात. अशी तार छेडली की लोंबकळत पडद्यांवर आपटते, आणि प्रत्येक सूर आधी चढा निघून मग ओशाळल्यासारखा जागेवर येतो. बोट जरा जोरात दाबलं तर तेवढ्यानेही बेसूर.

तरीही ढिल्या तारांनी इतिहास घडवलेला आहे. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात गिटारवाल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. पठ्ठ्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, गिटारवर बँजोच्या हलक्या तारा चढवल्या. आणि तेवढ्यानेही बोटं दुखतात म्हणून पुढे सूरच उतरवले. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधली बरीच गाणी नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. त्यांच्या बासवाल्या गीझर बटलरची बोटं धडधाकट होती, पण बास त्यालाही खाली आणावा लागला. बँडमध्ये दुखणं एकाचं असतं, पथ्य सगळ्यांना.

आज शहाणा माणूस तार ढिली सोडत नाही, जाड तार घेतो. ही अक्कल आपल्याकडे जुनीच. तंबोऱ्यात जोडीच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची तार जाड, पितळेची. मिरजेच्या कारागिराला हे समीकरणाने पटवून द्यावं लागलं नाही. बासवाला जाड तारेसाठी पाच तारांच्या बासचा संच आणतो, त्यातली सर्वांत बारीक जी बाजूला ठेवतो आणि उरलेल्या बी, ई, ए, डी आपल्या चार खुंट्यांवर चढवतो. ०.१३० ची तार बी ला आली की ताण पुन्हा पंधरा-सोळा किलोंवर जातो. हिशेब जुळला. आता फक्त ती तार वाद्यात मावायला हवी.

ती मावत नाही. गळ्याच्या टोकाला नटाच्या, म्हणजे तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीच्या, खाचा जुन्या तारांच्या मापाने कापलेल्या. नवी जाडजूड तार तिथे वरच अडून बसते. मग बारीक गोल कानस घ्यायची, खुंट्यांकडे किंचित उतार ठेवायचा आणि हाडाचा पांढरा भुगा बोटाने पुसत, चार घाव घातले की तार लावून बघ, पुन्हा काढ, असं चालू ठेवायचं. खाच तारेपेक्षा केसभर रुंद हवी, खोली अर्ध्या तारेएवढी. जरा जास्त खाली गेलं की मोकळी तार पहिल्याच पडद्यावर खरखरते, आणि मग खाचेत खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकणं आलं. शिवाय हे काम एकेरी वाटेचं. उद्या जुन्या तारा परत लावाव्यात म्हटलं, तर बिचारी बारीक जी त्या रुंद खाचेत नुसती खुळखुळते.

पुढचा प्रकार लग्नघरातल्या रुसव्याफुगव्यांचा. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरला की मध्ये, सातव्या-आठव्या पडद्याशी, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं एवढी फट हवी. ती नसेल तर ट्रस रॉड पाव फेरा ढिली करायची. तेवढ्याने तारांची उंची बदलते. उंची लावली की बाराव्या पडद्यावरचा सूर चढा वाजतो. तो जुळवायला सॅडल, म्हणजे तारेचं बुडाकडचं टेकण, मागे घ्यावं, तर त्यामागची स्प्रिंग दबून दबून शेवटी कापावी लागते. तोवर गळ्याने आपला बाक परत बदललेला असतो. आणि मुंबईचा पावसाळा असेल तर हवेतला दमटपणाही त्यात हात धुऊन घेतो. जुन्या धाटणीच्या फेंडरची तऱ्हा आणखी न्यारी: ट्रस रॉडचा स्क्रू गळ्याच्या बुडाशी दडलेला. म्हणजे तारा सैल करा, गळा उतरवा, पाव फेरा द्या, गळा बसवा, सगळं पुन्हा सुरात लावा, आणि मग कळतं की अजून पाव फेरा हवा होता.

एवढ्या उठाठेवीनंतर मिळतो सेकंदाला ३१ कंपनांचा बी. तो ऐकवायला मंचावर अँपेगचा आठ स्पीकरांचा, फ्रिज म्हणून ओळखला जाणारा खोका. त्या एसव्हीटी-८१०ई ची कंपनीची आकडेवारी सांगते की ५८ कंपनांच्या खाली खोक्याचा जोर उतरायला लागतो. पण माणसाचा कान मोठा उदार. ६२ आणि ९३ चे उपस्वर नीट पोचले की खालचा ३१ तो स्वतःच गृहीत धरतो. म्हणून जाणते बासवाले अशा वेळी खालच्या बटणाला हात न लावता मधली बटणं वर नेतात. राहिलेला खरा ३१ पाठीमागच्या साउंडवाल्याच्या वाट्याला येतो. स्पीकर फाटू नयेत म्हणून तो बरेचदा ३०-४० कंपनांखालचं सगळं मिक्सरवरच कापून टाकतो. आणि त्याला ना अ‍ॅलन की लागते, ना कानस.