३९ पानं आणि १६ लाख डॉलर

बाईने कलेतून काही बोलायचं ठरवलं की सल्ला हजर असतो: कलेत राजकारण आणू नका. राजकारण आणतं कोण, ते १९९० च्या जुलैत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात साऱ्यांना दिसलं.

अमेरिकन कलावंत जूडी शिकागोचं ‘द डिनर पार्टी’ म्हणजे एक भलंमोठं त्रिकोणी टेबल. एकेका बाजूला १३, अशी ३९ पानं मांडलेली. सॅफो, हिल्डेगार्ड, व्हर्जिनिया वुल्फ. इतिहास-पुराणातल्या एकेका बाईचं एकेक पान. खाली फरशीवर आणखी ९९९ जणींची नावं. चिनी मातीच्या थाळ्या रंगवणं, भरतकाम करणं हा बायकांचा फावल्या वेळेतला उद्योग म्हणून कलाजगताने बाजूला सारला होता. शिकागोने नेमका तोच हाती घेतला. शेकडो हात खपले आणि १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ते टेबल लोकांपुढे आलं. पाहायला गर्दी झाली, तरी पुढच्या काही संग्रहालयांनी दारं लावून घेतली.

हे काम शिकागोने वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विद्यापीठाला दान देऊ केलं. बहुसंख्य कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं, पैशांची ओढाताण असलेलं सरकारी विद्यापीठ. थाळ्यांवरचे आकार योनीसारखे दिसतात म्हणून खासदार खवळले, अश्लीलतेचा शिक्का मारला आणि विद्यापीठाच्या पैशांतून १६ लाख डॉलर कापण्याच्या बाजूने सभागृहाने मत दिलं. विद्यापीठातही विरोध पेटला. शेवटी शिकागोने देणगी मागे घेतली.

त्याच शहरातल्या नॅशनल गॅलरीत तिशियनची अर्धनग्न व्हीनस आहे. पुरुषाने रंगवलेलं बाईचं शरीर अभिजात आणि बाईने स्वतःच्या शरीराबद्दल बोललेलं अश्लील, हा निवाडा मला धडधडीत राजकीय वाटतो.

या कामावर खरी, टोकदार टीका केली ती कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकरने, तीही १९७९ मध्येच. ३९ जणींत कृष्णवर्णीय बाई एकच, गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रुथ. इतर बहुतेकींच्या थाळ्यांवर योनीचे आकार, तिच्या थाळीवर मात्र चेहरे. काळ्या बाईला शरीर नसतं का, हा प्रश्न रास्त होता. तो विचारताना वॉकरला कुणाचे पैसे तोडावे लागले नाहीत. २००७ पासून ते टेबल ब्रुकलिन म्युझियममध्ये कायमचं मांडलेलं आहे आणि तिचा आक्षेप तिथे, त्या थाळीसमोर उभं राहून, आजही घेता येतो.